पहिली पंगत

दुलीचंदच्या झेरॉक्सच्या दुकानात अहवालाच्या सहा प्रती निघत होत्या आणि भूमेश्वरी काउंटरला कोपर टेकून उभी होती. दुपारचे अडीच वाजले होते. गोंदियाच्या गोरेलाल चौकातली रहदारी पार दुकानाच्या पायरीला येऊन भिडली होती, कुठल्यातरी राइस मिलमधून उकडलेल्या धानाचा जड, गोडसर वास येत होता, आणि मशीनमधून एकेक कोमट कागद बाहेर पडत होता. तीन वर्षांचं काम, एकशे बारा पानं, सहा प्रती. चार वाजता संस्थेत बैठक. त्या बैठकीत हा अहवाल पक्का होणार होता आणि पहिल्या पानावर डॉक्टर चंद्रकुमार सरांच्या नावाखाली दुसरं नाव तिचं होतं, भूमेश्वरी रहांगडाले. ते नाव सहा वेळा बाहेर पडताना बघायचं म्हणून तर ती उभी राहिली होती. नाहीतर प्रती करून आणायला ऑफिसात माणसं काही कमी नव्हती.

"मॅडम, खाना-वाना हो गया?" दुलीचंदने मान वर न करता विचारलं.

"हो गया भैया, कब का," ती म्हणाली.

एवढंच झालं. दुलीचंदने उत्तर ऐकलंसुद्धा नसेल. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाकडे वळला होता. पण भूमेश्वरी मात्र आपल्याच उत्तराशी अडखळली. सकाळी सहाला एक कप चहा आणि दोन बिस्किटं, त्यानंतर पोटात पाण्याचा घोटही गेला नव्हता. डबा घरी ओट्यावर तसाच राहिला होता. मग हे 'हो गया' कुठून आलं? कोणी दटावलं नव्हतं, लपवण्यासारखं काही नव्हतं. दुलीचंद तिचा ना दीर ना सासरा. 'नाही जेवले' म्हटलं असतं तर त्याने फार तर समोरून समोसा मागवला असता. आणि तरी तिचं तोंड तिला न विचारता खोटं बोलून मोकळं झालं होतं, वर 'कब का' अशी ठिगळपट्टीही लावली होती. तिला हसू आलं, आणि हसताहसताच डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने काउंटरची कड घट्ट धरली. दुलीचंदने स्टूल पुढे सरकवलं. ती बसली, आणि समोर जे पान बाहेर पडलं ते होतं तक्ता क्रमांक सात.

तक्ता सात तिला पाठ होता. कवठटोला, आमगावच्या पुढे आत सात किलोमीटर, पंचेचाळीस घरांचा टोला, म्हणजे वाडी. हत्तीपायाच्या गोळ्यांची मोहीम. मागच्या फेब्रुवारीत पंधरा वर्षांवरच्या शहाण्णव बायकांपैकी एक्क्याण्णव जणींनी गोळ्या घेतल्या. त्यातल्या चौतीस जणींना चक्कर आली, उलट्या झाल्या. पुरुष एकोणनव्वद, उलट्या तिघांना, आणि त्यातल्या एकाची आदल्या रात्रीची अजून उतरलेली नव्हती. या फेब्रुवारीत पुरुषांनी गोळ्या घेतल्या. बायकांनी, शहाण्णवपैकी अठ्ठ्याऐंशी जणींनी, तोंड फिरवलं. तक्त्याच्या खाली एक वाक्य होतं आणि ते भूमेश्वरीने स्वतः लिहिलं होतं, दोन दिवस घासूनपुसून: 'स्त्रियांमधील नकारामागे गैरसमज व जनजागृतीचा अभाव ही प्रमुख कारणे दिसून येतात.' सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. त्याच्या पुढे शिफारस: कवठटोला ही सहकार्य न करणारी वस्ती धरून पुढच्या टप्प्यातून वगळावी, तिथली माणसं आणि वेळ दुसऱ्या गावांना द्यावा. किती नीटनेटकं वाक्य होतं ते! इतकं नीटनेटकं, की त्यात एकाही बाईचा चेहरा राहिला नव्हता. आणि तक्त्यात एक रकाना होता, अगदी कडेचा, ज्याच्याकडे कोणी बघतच नसे, कारण तो वरपासून खालपर्यंत सारखाच होता. 'गोळ्या घेण्यापूर्वी जेवण झाले होते का?' हो. हो. हो. हो. एक्क्याण्णव वेळा हो, आणि प्रत्येक हो तिच्या अक्षरात.

मागच्या वर्षीची ती सकाळ आता तिच्यापुढे आली, आणि आली ती वासासकट. चुलीचा धूर, शेणाने नुकतीच सारवलेली ओसरी, बिरसीच्या वैमानिक शाळेचं शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत घिरट्या घालतंय आणि कोणी वर बघतही नाही. सकाळचे दहा. उन्हाळी धानाची रोवणी सुरू होती, बायका निघण्याच्या घाईत. मनिरामच्या ओसरीवर त्यांनी टेबल मांडलं होतं. गावची आशा कार्यकर्ती प्रेमिला गोळ्यांची डबी घेऊन, भूमेश्वरी फॉर्म घेऊन. मनिराम जेवून, हात धुऊन, दात कोरत खाटेवर बसला होता, ढेकरही देऊन झाली होती. रिकाम्या पोटी गोळ्या देऊ नयेत हे प्रशिक्षणात चारदा सांगितलं होतं, म्हणून भूमेश्वरीने तो प्रश्न कधी गाळला नव्हता. आपण प्रश्न गाळत नाही याचा तिला अभिमानच होता. मनिरामची बायको सुमित्राबाई पदराला हात पुसत आली. 'जेवण झालं का बाई?' 'झालं ना जी.' पेन चाललं, हो. तीन गोळ्या गिळायच्या, एक चघळायची, आमच्यासमोर. सुमित्राबाईने पाण्याच्या घोटाबरोबर तिन्ही गिळल्या, चौथी चावली, तोंड वाकडं केलं आणि डोक्यावर टोपलं घेऊन वावराकडे गेली. तासाभराने बांधावर तिला भडभडून आलं. मग तिच्या जावेला, मग पलीकडच्या बांधीतल्या तिघींना. संध्याकाळपर्यंत अर्धा टोला म्हणत होता की गोळीत काहीतरी घातलं आहे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं, अंगातले जंतू मरताना असं होतं, हे चांगलं लक्षण आहे. भूमेश्वरीने तेही टिपून घेतलं होतं. तिने सगळं टिपलं होतं. फक्त सुमित्राबाईच्या टोपल्यात काय होतं ते पाहिलं नव्हतं. त्यात तिचं जेवण होतं, न उघडलेलं.

स्टुलावर बसल्याबसल्या तिला आईची आठवण झाली आणि अंगावर काटा आला. गोमतीबाई, तिची आई, चैनलाल रहांगडाल्यांची बायको, पंधरा माणसांच्या घरातली धाकटी सून. जेवायला आधी सासरा आणि दीर, मग मुलं, मग सासू, मग जावा वयाच्या क्रमाने, आणि सगळ्यांत शेवटी ती. भूमेश्वरी लहान असताना एकदा पाणी प्यायला म्हणून उठून चुलीपाशी गेली तर आई पातेलं तिरकं धरून पेज पीत होती, वर मीठ टाकून, डोळे मिटून. 'आई, तू जेवली नाहीस?' 'जेवली ना बेटा, केव्हाचीच.' 'केव्हाचीच' हा शब्द आईचा होता. 'कब का' म्हणजे त्याचंच गोंदियाच्या बाजारातलं भाषांतर. दहा वर्षं शहरात राहून, दोन पदव्या घेऊन, स्कूटी उडवत हिंडून तिने आईकडून आलेलं हे एवढंच नेमकं जपून ठेवलं होतं! आणि आईचा पाय. गुडघ्याखाली जाड, काळवंडलेला, पावलाची बोटं सुजेत बुडालेली. रोज कोमट पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा, उशीवर ठेवायचा. तो पाय आता कधी बारीक होणार नव्हता. लुगडं घोट्यापर्यंत ओढून लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसायची आई. पायासाठीच तर भूमेश्वरी या कामात आली होती. मुलाखतीत तिने तसं सांगितलंही होतं आणि सरांचे डोळे ओलावले होते. पाय तिने बरोबर लक्षात ठेवला. आईचं ताट मात्र विसरली. तिला स्वतःचा इतका राग आला की भूकसुद्धा मागे पडली.

तिने तिथूनच प्रेमिलाला फोन लावला.

"प्रेमिलाताई, एक विचारते, खरं सांगा. मागच्या साली गोळ्या देल्या त्या दिवशी बाया जेवल्या होत्या का?"

पलीकडे प्रेमिला हसली, मोकळं, मोठ्यांदा. "का मॅडम तुमी बी! दहा वाजता बाया कवा जेवतेत? घरच्या बुवालोकाईचं जेवन होते, पोट्टेपाट्टे शाळेत जातेत, मंग शिदोरी बांधून वावरात. एक-दीड वाजता बांधावर बसून दोन घास."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं काऊन नाही कोणी?"

"कसं सांगन? मनिरामभाऊ समोर खाटेवर बसून होता. त्याच्या देखत सुमित्राबाई म्हनन का मी उपाशी हावो म्हनून? घराची इज्जत जाते ना जी. पाहुन्यानं विचारलं का जेवली का, त जेवली म्हनाचं. कोनी बी असंच म्हनते."

"आणि तुम्ही? तुम्हाला माहीत होतं ना?"

"तुमी हो लिवलं, मी गोळी देल्ली." प्रेमिलाचा आवाज खाली आला. "मले वाटलं तुमाले ठावं असन. तुमी बी त आमच्यासारक्याच घरच्या." आणि मग, "मी बी नवती जेवली त्या दिवशी. मी बी घेतल्या गोळ्या तुमच्या समोर. घरी जाऊन ओकली. सांगतलं नाई, म्हटलं आशाच ओकली त कोन घेईन?"

फोन ठेवल्यावर भूमेश्वरीने सहा प्रती छातीशी धरल्या आणि बाहेर आली. ऊन लख्ख होतं. तिने स्कूटी सुरू केली. पुलावर चढताना एक चोरटा विचार हळूच आला आणि मागच्या सीटवर बसावा तसा तिच्या पाठीशी बसला: कोणाला कळणार आहे? रकाना कडेचा आहे. सगळीकडे हो आहे. तो रकाना गेली तीन वर्षं कोणी वाचला नाही आणि पुढची तीस वर्षं वाचणार नाही. बोललीस तर तुझीच अक्षरं तुझ्यावर उलटतील. तीन वर्षांत चाळीस गावांत तू विचारलेला प्रत्येक प्रश्न ते उकरून काढतील. सर म्हणतील, याच बाईच्या हातात आपण सगळं दिलं होतं. पुढच्या टप्प्यावर तुझं नाव राहणार नाही. खाली रेल्वेचे रूळ उन्हात चकाकत होते, मालगाडी कोळसा घेऊन चालली होती, डबे संपता संपत नव्हते. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तिला पुलाच्या माथ्यावर कळलं. आणि त्याच वेळी तिला असंही कळलं, अगदी साध्या शब्दांत, की ती आज गप्प बसली तर कवठटोल्याच्या बायका कागदावर अडाणी राहतील आणि दहा-पंधरा वर्षांनी त्यांच्यातल्या कोणाचा तरी पाय आईच्या पायासारखा होईल. अठ्ठ्याऐंशी बायका खोट्या होत्या की अहवाल, एवढंच तर ठरवायचं होतं. पुलाचा उतार लागला तेव्हा तिने ठरवलेलं होतं. मग तिने आणखी एक गोष्ट केली, जी तिने भर बैठकीच्या दिवशी कधीच केली नसती: रस्त्याच्या कडेला गाडी लावली, टपरीवर दोन आलूबोंडे घेतले आणि उभ्याउभ्या, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तोंड भरून खाल्ले.

बैठकीच्या खोलीत पंखा होता, पाण्याच्या बाटल्या होत्या आणि काजूची एक बशी, जिला शिष्टाचार म्हणून कोणी हात लावत नव्हतं. डॉक्टर चंद्रकुमार नागपूरचे, शांत, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भूमेश्वरीला सोपं गेलं असतं. त्यांनी तक्ता सातपर्यंत पानं उलटली आणि म्हणाले, "हे वाक्य फार चांगलं उतरलंय."

"ते वाक्य चूक आहे, सर," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

आणि तिने सांगितलं. सुरुवातीला आवाज चिरका निघाला, मग जागेवर आला. ओसरी, खाट, टोपलं, प्रेमिला. दुलीचंदचंही सांगितलं, तेव्हा दोघेतिघे हसले आणि मग हसायचे थांबले, कारण बहुतेक प्रत्येकाला आपापलं 'हो गया' आठवलं असावं. सरांनी चष्मा खाली घेतला. "पण उलट्या जंतू मरण्यामुळेही होतात, भूमेश्वरीताई. ते तर सिद्ध झालेलं आहे."

"होतात ना, सर. पण डास काय फक्त बायकांना चावतात? एकच घर, एकच अंगण, एकच सांडपाण्याची नाली, गोळ्या त्याच. बायका चौतीस आणि पुरुष तीन. जंतू पुरुषांच्या अंगात मरत नाहीत का? फरक एकच आहे. ते जेवले होते." ती थांबली. अंगात कसलीतरी ताकद चढत होती, तिची तिलाच नवी. "आपण अभ्यासाच्या नावात लिहिलंय, आरोग्यातली तफावत. ती तफावत शोधायला आपण नकाशे काढले, पाण्याचे नमुने घेतले. ती मनिरामच्या घरात चूल आणि ओसरी यांच्यामध्ये दहा पावलांवर होती, आणि मी ती ओलांडून टेबल मांडलं."

सरांनी तक्त्याच्या कडेच्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, सावकाश, एकेका 'हो'वर टेकत. एकाने खाकरून म्हटलं की छपाईची तारीख गाठायची आहे. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुम्हाला कळतंय ना," ते तिला म्हणाले, "हे खरं असेल तर चाळीसही गावांतला हा रकाना बाद होतो?"

"कळतंय, सर."

"आणि खरं आहे हे सिद्ध कसं करणार?"

"ज्यांच्या गोळ्या राहिल्यात त्यांची फेरी अजून व्हायचीय. आठ दिवस द्या. मी बायकांना समजवायला जाणार नाही. त्यांना आधी जेवायला बसवणार आहे." हे वाक्य तिने ठरवून आणलं नव्हतं, ते तोंडातून बाहेर पडलं आणि ऐकल्यावर तिला पटलं. सरांनी सहाही प्रती गोळा केल्या, त्यांची चवड केली आणि कपाटात ठेवून दिली. मग काजूची बशी तिच्यापुढे सरकवली. तिने मूठभर उचलले.

कवठटोल्यात काम सोपं नव्हतं. बायकांना जेवू घालायचं म्हटल्यावर कोणी विरोध करत नाही. विरोध क्रमाला होता. देवळासमोर मांडव घालायचा, ज्याच्या घरी जे शिजलं ते आणायचं, सगळ्या टोल्याने एकत्र जेवायचं, इथपर्यंत मनिराम उत्साहाने माना डोलावत होता. पण पहिली पंगत बायकांची बसेल आणि वाढायला पुरुष उभे राहतील, हे ऐकल्यावर त्याची मान मध्येच अडकली. "असं कोठी होते का मॅडम? बारसं असो का तेरवी असो, पयली पंगत मानसाईची. बाया मांगून बसतेत. आमच्या बापजाद्यापासून हाय." भूमेश्वरीने तयारी केली होती भाषणाची. ते द्यायची वेळच आली नाही, कारण दारामागून सुमित्राबाई बाहेर आली. वर्षभर ती भूमेश्वरीशी बोलली नव्हती; आताही तिच्याकडे न बघता नवऱ्याशीच बोलली. "गेल्या साली मी बांधावर पडली होती, तवा पानी पाजाले कोन होता? तुमी जेवून झोपले होते." मनिराम म्हणाला, "मले का ठावं का तू उपाशी हायेस? तू त मॅडमले जेवली म्हनून सांगतलं." "तुमी बसून होते ना तेथी," सुमित्राबाई म्हणाली, आणि आत गेली. मनिराम बराच वेळ खाटेच्या दोऱ्या चाचपत बसला. चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्याला आज कळत होती आणि ती कळण्याचा त्रास त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. शेवटी उठला, चप्पल पायात सारली. "बादल्या किती लागतीन?" त्याने विचारलं.

मार्चचा पहिला रविवार. मांडवात पळसाच्या पत्रावळी लागल्या, दोन लांबच लांब रांगा, आणि रांगांत बायका. अठ्ठ्याऐंशीपैकी दोघी माहेरी गेलेल्या. शहाऐंशी जणी मांडी घालून, पदर सावरून, एकमेकींना खेटून बसल्या होत्या आणि इतक्या अवघडल्या होत्या की बघवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या पहिल्या बसल्या होत्या. समोर नवरे, दीर, सासरे हातांत बादल्या घेऊन उभे. कोणाला भात वाढावा तर ढीग पडत होता, कोणी वरण पत्रावळीबाहेर ओतलं, एकाने आपल्याच भावजयीसमोर मान खाली घालून वांग्याची भाजी अशी वाढली की जणू चोरीचा माल देतोय. हशा पिकला. मग वाढून झालं आणि सगळं शांत झालं. कोणीच घास उचलेना. शहाऐंशी पत्रावळींवरून वाफ वर जात होती आणि शहाऐंशी हात मांडीवर होते. भूमेश्वरी रांगेच्या मध्ये, सुमित्राबाईच्या शेजारी बसली होती, आणि तिला जाणवलं की तिचाही हात उठत नाही. चुलीपाशी पातेलं तिरकं धरलेली आई, डोळे मिटलेली, तिच्या मनगटाला धरून बसल्यासारखी. समोर माणसं उपाशी उभी आहेत, आणि आपण आधी जेवायचं? मग तिने भातात बोटं घातली. गरम होता, चटका बसला, बरं वाटलं. तिने पहिला घास घेतला, चावला, गिळला. उजवीकडून सुमित्राबाईने घेतला. मग रांगेच्या टोकापर्यंत हात उठत गेले आणि मांडवात फक्त जेवणाचा आवाज भरून राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही.

मग प्रेमिला डबी घेऊन फिरली. आज ती स्वतः आधी जेवली होती, आणि प्रत्येकीला ते आपणहून सांगत होती. तीन गिळायच्या, एक चघळायची. सुमित्राबाईने गोळ्या तळहातावर घेतल्या, जरा वेळ पाहिल्या, भूमेश्वरीकडे पहिल्यांदा नीट बघितलं, आणि तोंडात टाकल्या. प्रेमिलाने फॉर्मवर खूण केली. एक. दोन. वीस. चाळीस. शेवटची, टोकाची म्हातारी, हात पुढे करून स्वतःच गोळ्या मागत होती. शहाऐंशी. आता थांबायचं होतं. अर्धा तास, पाऊण तास, तासभर. कोणी खोकलं, कोणी पदर तोंडाशी नेला, तरी भूमेश्वरीची मान वळत होती. सर मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. एका पोरसवदा सुनेला गरगरलं. तिने डोकं जावेच्या खांद्यावर ठेवलं, लिंबू हुंगलं आणि दहा मिनिटांनी तीच कुणाच्यातरी गोष्टीवर हसायला लागली. वावरात न जाता, ओझं न उचलता, भरल्या पोटी नुसत्या बसलेल्या शहाऐंशी बायका बोलत होत्या, हसत होत्या, पाय लांब करून बसल्या होत्या. तास झाला. दीड तास झाला. एकीलाही उलटी झाली नाही. सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. भूमेश्वरीला ओरडावंसं वाटलं, मांडवाच्या बांबूवर चढावंसं वाटलं. जिंकलो आपण! तिला असा आनंद कुठल्याही पदवीने, पहिल्या पानावरच्या कुठल्याही नावाने दिला नव्हता, आणि तिने तो अंगभर होऊ दिला. गैरसमज होता, हे अहवालातलं वाक्य खरंच होतं. फक्त तो कोणाचा होता ते चुकलं होतं.

उन्हं कलायला लागली. पुरुष रिकाम्या बादल्या घेऊन एकमेकांकडे बघत होते. भुकेने चेहरे उतरले होते, पण म्हणणार कोण? शेवटी मनिराम पुढे झाला. पंगतीच्या कडेला येऊन उभा राहिला, खाकरला, आणि बायकोला, साऱ्या टोल्याच्या देखत, दबक्या आवाजात म्हणाला, "सुमित्रे, भूक लागली जी. आता आमी बसू का?"

सुमित्राबाईने पाय आवरले, पुन्हा नीट मांडी घातली आणि पत्रावळ पुढे सरकवली.

"थांबा जरासे," ती म्हणाली. "मले अजून भात पायजे."